गळती मेमरीची की माहितीची?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळपास एकच आहे. चौघांचेही प्रश्न नेटवर्क ड्रायव्हरमधील (नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील) 'मेमरी लीक'शी येऊन पोहोचतात, मात्र प्रत्येकाच्या संगणकात घडते आहे ते वेगवेगळे. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरची बाहेरच्या एका एजन्सीकडून सुरक्षा तपासणी करून घेतली. अहवालात 'सीव्हीई-२०१९-१९०५६, लिनक्स कर्नलच्या वायफाय ड्रायव्हरमध्ये मेमरी लीक' अशी नोंद आहे. संचालक मंडळाच्या सभेत अध्यक्षांनी विचारले, "लीक म्हणजे ठेवीदारांची माहिती बाहेर गेली का?" तपासणीला आलेले गृहस्थ "शक्यता नाकारता येत नाही" एवढेच म्हणाले आणि तेव्हापासून सगळे हवालदिल झाले आहेत. दोष-दुरुस्ती अहवालात काय लिहावे?
(संस्थेचे संगणक सांभाळणारे एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : या दोषातून ठेवीदारांच्या माहितीचे एक अक्षरही बाहेर जात नाही, हे अध्यक्षांना निःशंकपणे सांगा. सगळा घोळ 'लीक' या शब्दाने घातला आहे. इंग्रजीत दोन अगदी वेगळ्या दोषांना तो सर्रास लावला जातो. एका दोषात संगणकाची मोकळी मेमरी हळूहळू नाहीशी होत जाते. दुसऱ्यात मेमरीत असलेला मजकूर परक्याच्या हाती पडतो. तुमच्या अहवालातील नोंद पहिल्या जातीची आहे. (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाला मिळणारा क्रमांक.)

तुम्ही पतसंस्थेत आहात, म्हणून तुमच्याच व्यवहारातले उदाहरण घेऊ. ड्रायव्हरला कामासाठी मेमरी लागली की तो ती कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, उसनी घेतो, काम झाले की परत करतो. परत करायची तर ती कुठे आहे हे लक्षात ठेवावे लागते. तो पत्ता म्हणजे जणू कर्जखत. आता समजा, कर्ज वाटले गेले, खतावणीत येणे बाकी दिसते आहे, पण कर्जखतच गहाळ झाले आणि कर्जदार कोण हे कुणालाच सांगता येत नाही. ती रक्कम वसूलही होत नाही आणि दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. असे एकदा घडले तर संस्थेला जाणवणारही नाही, मात्र रोज शंभरदा घडू लागले तर तिजोरी रिकामी होईल.

ज्या ड्रायव्हरबद्दल ही नोंद आहे तो मार्वेल कंपनीच्या वायफाय चिपसाठी लिहिलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस मालिकेतील काही संगणकांत या चिप होत्या; मार्वेलने आपला वायफाय व्यवसाय पुढे २०१९ मध्ये एनएक्सपी कंपनीला विकला. वायफाय कार्डला आज्ञा दिली की ते उत्तर पाठवते आणि ते उत्तर उतरवून घेण्यासाठी ड्रायव्हर कार्ड सुरू होतानाच २३१२ बाइटचा एक बफर, म्हणजे मेमरीतला राखीव तुकडा, मागून ठेवतो. त्यानंतरची पायरी अशी की, कार्डाला त्या बफरमध्ये थेट लिहिता यावे म्हणून त्याचा पत्ता कार्डाला कळेल अशा रूपात मांडायचा, ज्याला डीएमए मॅपिंग म्हणतात. ही पायरी यशस्वी झाली तरच बफरचा पत्ता ड्रायव्हरच्या कायमच्या नोंदीत लिहिला जाई. ती फसली तर हे काम करणारे फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा भाग, 'उणे एक' हे उत्तर देऊन तिथूनच परत फिरे, आणि बफरचा पत्ता ज्या तात्पुरत्या चलात होता तो चल फंक्शन संपताच नाहीसा होई. कर्जखत हरवते ते नेमके इथे. दुरुस्ती किती मोठी असेल असे वाटते? परत फिरण्याआधी बफर सोडून देणारी एक ओळ. शेजारच्या दुसऱ्या फंक्शनमध्ये असेच दोन दोष सापडले आणि त्यांना पुढचा क्रमांक, १९०५७, मिळाला.

यातून सर्व्हर खरोखर बंद पाडायचा तर काय करावे लागेल, याचा ढोबळ हिशेब मांडू. दर वेळी २३१२ बाइट हरवतात असे धरले तर एक जीबी मेमरी संपवायला हे अपयश सुमारे ४ लाख ६४ हजार वेळा घडवावे लागेल. कर्नल मागणीपेक्षा थोडी मोठी जागा काढून देतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरेल हे खरे. तरीही हे अपयश कार्ड सुरू होताना किंवा नव्याने सुरू केले जाताना, आणि तेही मॅपिंग फसले तरच घडते. बाहेर बसलेल्या माणसाला ते लाखो वेळा घडवून आणणे व्यवहारात जवळपास अशक्य आहे. २०१९ च्या अखेरीस कर्नलमधल्या अशा विसरलेल्या बफरांच्या बऱ्याच नोंदी एकदम झाल्या. त्यांतल्या काहींवर 'हे अपयश हल्लेखोराच्या हातात नसते' असा आक्षेप घेतला गेला आणि तो त्या नोंदींतच लिहून ठेवलेला आहे. माझ्या मते दोषाची नोंद करणे योग्यच होते. ती वाचून घाबरवणे अयोग्य.

आता तुमच्या सर्व्हरकडे वळू. पतसंस्थेचा सर्व्हर बहुधा वायरने जोडलेला असतो आणि त्यात हे कार्ड असण्याची शक्यता फार कमी. 'एलएसमॉड' ही आज्ञा दिल्यावर कर्नलमध्ये चढवलेल्या मॉड्यूलांची, म्हणजे ड्रायव्हरसारख्या सुट्या भागांची, यादी समोर येते. तिच्यात इंग्रजी एम, मग वायफायची चार अक्षरे आणि शेवटी ई-एक्स अशा स्पेलिंगने सुरू होणारे नाव शोधा. ते नसेल तर सदोष भाग तुमच्या मशीनवर चालतच नाही; तो डिस्कवर नुसता पडून आहे. तपासणीची साधने बहुतेक वेळा कर्नलची आवृत्ती वाचतात आणि त्या आवृत्तीला लागू असणारे सगळे क्रमांक अहवालात उतरवतात, कार्ड आहे की नाही हे पाहत नाहीत. त्यातच रेड हॅट किंवा डेबियनसारखे लिनक्सचे वितरक जुनी आवृत्ती तशीच ठेवून तिच्यात फक्त दुरुस्ती आणून बसवतात. म्हणजे क्रमांक जुना दिसला तरी दोष गेलेला असू शकतो. या वितरकांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक सीव्हीईचे स्वतंत्र पान असते. कोणत्या पॅकेजमध्ये दुरुस्ती आली ते तिथे पाहून घ्यावे.

पुढच्या तपासणीत यादी याहून लांब आली तरी दचकू नका. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचे विकासक सीव्हीई क्रमांक स्वतःच देऊ लागले आहेत, आणि सुरक्षेशी दुरून संबंध पोहोचेल अशा दुरुस्तीलाही क्रमांक द्यायचा असे त्यांचे धोरण असल्याने वर्षाकाठी हजारोंनी क्रमांक निघतात.

अहवालात असे लिहिता येईल : 'सदर दोष मेमरी परत न करण्याचा असून त्यातून माहिती उघड होत नाही. संबंधित ड्रायव्हर आमच्या सर्व्हरवर कार्यरत नाही. मॉड्यूलांची यादी सोबत जोडली आहे. वितरकाने दिलेला अद्ययावत कर्नल अमुक तारखेस बसवून सर्व्हर रीस्टार्ट केला आहे.' यातला रीस्टार्ट नुसता लिहू नका, खरोखर करा. नवा कर्नल बसवला तरी मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच चालू राहतो, आणि नेमके हेच अनेक ठिकाणी राहून गेलेले मी पाहिले आहे. सकाळी काउंटर उघडण्याआधी रीस्टार्ट करून 'यूनेम -आर' या आज्ञेने चालू आवृत्ती तपासा आणि त्या पडद्याची प्रिंट फाइलला लावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकाला पिंग करून (उत्तर मागणारे छोटे पाकीट पाठवून) वायरशार्क या पाकिटे टिपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याचे उत्तर पाहिले, तर पाकिटाच्या शेवटी शून्यांऐवजी भलतीच अक्षरे दिसली. त्यात एका वेबपत्त्याचा तुकडाही होता. सर म्हणाले, "हा ड्रायव्हरचा मेमरी लीक आहे." पण त्या संगणकाची मेमरी तर भरलेली दिसत नाही. मग लीक होते ते काय?
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमचे सर चुकले नाहीत, मात्र त्यांच्या मनात दुसऱ्या जातीचा लीक होता. तुम्ही पाहिलेल्या दोषाला 'ईथरलीक' म्हणतात. ॲटस्टेक या सुरक्षा कंपनीतील ओफिर आर्किन आणि जॉश अँडरसन यांनी जानेवारी २००३ मध्ये तो जाहीर केला आणि त्या वर्षाच्या यादीतला पहिलाच क्रमांक, सीव्हीई-२००३-०००१, त्याला मिळाला. एका वेळी अनेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या आणि अनेक कार्डांच्या ड्रायव्हरांत सापडलेली ही चूक आहे. इतक्या जणांनी एकमेकांपासून दूर बसून एकच चूक केली, ही मला त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

ईथरनेटची चौकट ६४ बाइटपेक्षा लहान चालत नाही. सुरुवातीचा मथळा १४ बाइटचा आणि शेवटची तपासणी-बेरीज ४ बाइटची, म्हणजे मधला मजकूर निदान ४६ बाइट तरी हवा. तुम्ही एका बाइटचा पिंग पाठवला असेल, तर आयपीचा मथळा २०, पिंगचा स्वतःचा, म्हणजे आयसीएमपीचा, ८ आणि मजकूर १ मिळून २९ होतात, आणि उरलेले १७ बाइट ड्रायव्हरने किंवा कार्डाने भरायचे असतात. काय भरायचे हेही ठरलेले आहे : १९८४ च्या आरएफसी ८९४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ही भर शून्यांची असावी असे म्हटले आहे. पुष्कळ ड्रायव्हरांनी लांबी ६० (तपासणी-बेरीज सोडून) असल्याचे कार्डाला सांगितले आणि त्या १७ जागांत शून्ये मात्र लिहिलीच नाहीत. मग तिथे आधीपासून जे पडलेले असेल तेच तारेवरून निघून गेले.

आपल्याकडे कचेऱ्यांत पाठकोरे कागद जपून वापरण्याची पद्धत आहे. पाठकोऱ्या कागदावर तुम्हाला पावती लिहून दिली आणि उलटून पाहिले तर मागे दुसऱ्याच कुणाचा हिशेब निघाला, तसे हे आहे. पावती बरोबर आहे, देणाऱ्याचा हेतूही वाईट नाही, पण मागचे पाहायचे भान राहिले नाही. मागचा मजकूर कुणाचा निघेल हे कागद कुठल्या गठ्ठ्यातला होता यावर ठरते. आर्किन आणि अँडरसन यांना असे तीन गठ्ठे आढळले : कर्नलचा वापरात असलेला बफर, ड्रायव्हरचा स्वतःचा कायमचा बफर आणि कार्डावरचा पाठवणीचा बफर. शेवटच्या दोहोंत बहुधा आधी गेलेल्या पाकिटाचीच शेपटी मिळते. तुम्हाला दिसलेला वेबपत्त्याचा तुकडा बहुधा तसाच, त्या संगणकावरून नुकत्याच गेलेल्या एखाद्या मोठ्या पाकिटातला असावा.

हे सतरा बाइट तुमच्या इमारतीबाहेर सहसा जात नाहीत. राउटर पाकीट पुढे पाठवताना जुनी ईथरनेट चौकट उतरवतो आणि आयपीच्या मथळ्यात लिहिलेल्या लांबीएवढाच मजकूर उचलतो. भरीचा कचरा मागेच गळून पडतो. म्हणून हा दोष उपयोगात आणायला हल्लेखोर त्याच स्थानिक जाळ्यावर असावा लागतो. पण तसा तो असेल तर त्याला घाई नसते. तो दर सेकंदाला एक पिंग पाठवून सतरा-सतरा बाइट गोळा करत बसू शकतो, आणि त्या तुकड्यांत केव्हा पासवर्डचा भाग येईल हे कुणी सांगावे!

प्रयोग पुन्हा करताना दोन गोष्टी पाळा. पहिली अशी की, पाकीट ज्या संगणकातून निघते त्याच संगणकावर वायरशार्क लावून काही कळत नाही, कारण निघणारी पाकिटे तिथे ड्रायव्हरने भर घालण्याच्या आधीच टिपली जातात आणि ती ६० पेक्षा लहानच दिसतात. भर पाहायची ती पलीकडच्या संगणकावर, जसे तुमच्याकडून या वेळी आपसूक घडले. दुसरी अशी की, एकाच पिंगवर निष्कर्ष काढू नका. शंभर पिंग पाठवा, मधल्या काळात त्या संगणकावर एखादी वेबसाइट उघडून ठेवा आणि शेवटचे बाइट बदलतात का ते पाहा. सतत तेच ते बाइट येत असतील तर गठ्ठा कायमचा आहे. प्रत्येक वेळी बदलत असतील तर जिवंत मेमरी बाहेर येते आहे. लिनक्सवर एका बाइटचा पिंग केल्यास उत्तराला किती वेळ लागला हे दिसत नाही. वेळेची नोंद मावण्याइतकी जागाच त्या पाकिटात नसते, तेव्हा काही बिघडले असे समजू नका.

लिनक्समध्ये हा दोष प्रत्येक ड्रायव्हरमध्ये शून्ये भरणारे एक सामाईक फंक्शन बोलावून दूर केला गेला, आणि आताची बरीच कार्डे ही भर स्वतःच घालतात. तरी हा दोष अधूनमधून डोके वर काढतो. २०२१ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या काही फायरवॉलमध्ये भरीचे बाइट पुसले जात नसल्याचे कंपनीनेच जाहीर केले होते. ज्या यंत्राने माहिती अडवायची त्याच यंत्रातून ती ठिबकत होती. तुमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकाचा ड्रायव्हर अद्ययावत करून पाहा आणि निर्माता दुरुस्ती देत नसेल तर कार्डच बदला. पण त्याआधी टिपलेली पाकिटे जपून ठेवा. प्रकल्प-अहवालासाठी इतके चांगले प्रात्यक्षिक सहज मिळत नाही.

प्रश्न : मी घरून काम करते. सकाळी विंडोज लॅपटॉप छान चालतो. संध्याकाळपर्यंत १६ जीबीपैकी १४ जीबी भरलेली दिसते. सगळे प्रोग्रॅम बंद केले तरी मेमरी मोकळी होत नाही. यादीतल्या प्रोग्रॅमची बेरीज तर चार जीबीसुद्धा होत नाही. व्हायरस आहे का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बेरीज जुळत नाही हाच इथला धागा आहे. साधा प्रोग्रॅम मेमरी परत करायला विसरला तरी तो बंद होताच ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्याकडची सगळी मेमरी काढून घेते. ड्रायव्हर मात्र कर्नलच्या आत राहतो, त्याचे नाव प्रोग्रॅमच्या यादीत नसते आणि त्याने हरवलेली मेमरी बहुधा रीस्टार्ट केल्यावरच परत मिळते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी असे जा आणि खाली 'नॉन-पेज्ड पूल' हा आकडा पाहा. एरवी तो काहीशे एमबीच्या आसपास असतो. तो सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी लिहून ठेवा. तो जीबीच्या पटीत चढतच गेला तर दोषी ड्रायव्हर आहे असे समजायला हरकत नाही, आणि अनुभव असा की अशा वेळी नेटवर्कचा ड्रायव्हर पहिल्यांदा तपासावा, कारण दिवसभर अखंड मेमरी घेणे आणि सोडणे हेच त्याचे काम असते. नक्की कोणता ते 'पूलमॉन' हे मायक्रोसॉफ्टचे साधन सांगते : ड्रायव्हर मेमरी घेताना तिच्यावर चार अक्षरांची खूण उमटवतात आणि पूलमॉन त्या खुणांनुसार बेरीज दाखवतो. खूण कुणाची ते ड्रायव्हरांच्या फाइलींत शोधून काढता येते. हे काम कार्यालयातल्या आयटीवाल्यांकडे सोपवलेत तरी चालेल. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फिरणारे फुकट प्रोग्रॅम मात्र लांब ठेवा. आणि वायफाय कार्डासोबत आलेला एखादा 'वेग वाढवणारा' प्रोग्रॅम लॅपटॉपवर असेल तर आधी तो काढून दोन दिवस आकडा पाहा.

प्रश्न : आमची छोटी कंपनी एका नेटवर्क कार्डासाठी लिनक्स ड्रायव्हर लिहिते. अशी गळती ग्राहकाकडे पोहोचण्याआधी कशी पकडावी?
(एक अभियंता, बंगळूरु)

उत्तर : चाचणीसाठी वेगळा कर्नल बांधा आणि त्यात 'केमेमलीक' सुरू करा. २००९ पासून ते कर्नलसोबतच येते. दिलेल्या प्रत्येक तुकड्याची ते नोंद ठेवते, ठरावीक वेळाने मेमरी धुंडाळते आणि ज्याचा पत्ता कुठेच सापडत नाही तो तुकडा, तो मागणाऱ्या फंक्शनांच्या साखळीसह, दाखवते. वेग बराच घटतो, म्हणून ग्राहकाच्या मशीनवर ते नको. दर दहा मिनिटांची वाट पाहण्याऐवजी त्याच्या फाइलीत 'स्कॅन' लिहिले तर तपासणी लगेच होते. जुने संशयित बाजूला सारून नव्याने सुरुवात करायची तर आधी 'क्लिअर' लिहा.

पण वर सांगितलेला वायफायचा दोष एवढ्याने सापडला नसता, कारण तिथे बफर हरवतो तो मॅपिंग फसल्यावरच आणि तुमच्या टेबलावर मॅपिंग कधी फसतच नाही. म्हणून कर्नलमधली अपयश घडवणारी यंत्रणा वापरा. 'फेलस्लॅब' सुरू केले की मेमरीच्या मागण्या तुम्ही ठरवाल त्या प्रमाणात मुद्दाम नाकारल्या जातात. मॅपिंगसाठी मात्र चाचणीपुरता तुमच्याच कोडमध्ये एक अडसर घालावा लागेल, जो दर दहाव्या वेळी अपयश परत करील. मग ड्रायव्हर एका रात्रीत हजार वेळा चढवा आणि उतरवा, आणि सकाळी केमेमलीकची फाइल उघडा. पहिल्या दिवशी ती रिकामी निघाली तर आधी अडसर खरोखर लागला होता का ते तपासा.